घायपात बांधावर जगतं आणि बंगल्यात कुजतं: मोठे सक्युलंट बागेत लावताना या चुका टाळा

सातारा जिल्ह्यातल्या कोरड्या माण-खटावच्या बांधांवर घायपात वर्षानुवर्षं उभं असतं. त्याला कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, मे महिन्यात त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. त्याच्याच कुळातलं निळसर पानांचं अगेव्ह नर्सरीतून चांगले पैसे मोजून आणावं, सांगलीत विश्रामबागेतल्या बंगल्यापुढे लावावं, आणि गणपतीपर्यंत ते बुंध्यातून आडवं व्हावं, हेही नेहमीचंच. मालक म्हणतात, "ऊन सोसलं नाही." ऊन सोसलेलं असतं. झाड गेलेलं असतं पावसात, आणि पावसात जाण्याची तयारी आपणच लावताना करून ठेवलेली असते.

बांधावरची जागा नीट बघा. ती उंच असते, उतरती असते, मुरमाड असते. पडलेलं पाणी तासाभरात निघून जातं. बंगल्यापुढचा वाफा सपाट असतो, बऱ्याचदा फरशीपेक्षा खोल असतो, माती काळी असते आणि छपराचं पाणी तिथेच उतरतं. अगेव्ह, मोठी कोरफड, अडेनियम (फुगीर बुंध्याचं फुलझाड), गोल्डन बॅरल (गोल निवडुंग), थोर, शेर ही सगळी सक्युलंट, म्हणजे पाना-खोडांत पाणी साठवणारी झाडं. त्यांच्या बहुतेक तक्रारी या फरकातून येतात.

आपला तालुका न बघता सल्ला पाळणं

'रेताड माती, भरपूर ऊन, कमी पाणी' हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण तालुक्याला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास समाधान मानावं लागतं. सांगलीत जत-आटपाडीची गत माणसारखीच. म्हणून माणमधल्या दहिवडीच्या माणसाचा अनुभव पावसाळी पाटणला चालत नाही.

कोरड्या पूर्व भागात मुरमाड रानात थेट जमिनीत लावलं तरी चालतं. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत उंचवटा केल्याशिवाय लावू नये. जावळी, पाटण, महाबळेश्वर या पट्ट्यात तर मोठ्या कुंडीत लावून पावसाळ्यात वळचणीखाली सरकवणं किंवा वर पारदर्शक पत्रा टाकणं हाच मार्ग. तिथे फार हौस असेल तर जांभ्याच्या दगडांचा उंच वाफा करा, पण अडेनियम मात्र कुंडीतच ठेवा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात हिवाळ्यात दव गोठतं, त्या थंडीत अडेनियमचा टिकाव लागत नाही.

नदीकाठच्या सखल भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात जिथे पाणी आलं होतं तिथे महागडं झाड जमिनीत लावणं हा जुगार आहे. गाळाच्या पाण्यात काही दिवस बुडालेलं सक्युलंट सहसा वाचत नाही.

खड्डा खणून 'चांगली माती' भरणं

ही सगळ्यांत महाग पडणारी चूक, आणि ती काळजी घेणारी माणसंच करतात. काळ्या मातीत पाणी साठतं हे त्यांना माहीत असतं. म्हणून ते दोन बाय दोन फुटांचा खड्डा घेतात, त्यातली माती काढून टाकतात आणि वाळू-मुरूम भरून झाड लावतात. पावसाळ्यात नेमकं उलटं होतं. काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि तिच्यातून पाणी जेमतेम झिरपतं. भोवतालचं पाणी मग सगळ्यांत सोपी जागा शोधतं, म्हणजे तुमचा भुसभुशीत खड्डा. तिथे ते शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. झाडाखाली हौद तयार होतो. वरची माती कोरडी दिसते आणि मुळं पाण्यात असतात.

शंका असेल तर लावण्याआधी तपासा. फूटभर खोल खड्डा घ्या, तो एकदा पाण्याने भरून जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी रात्रभर तसंच राहिलं तर त्या जागी सपाटीवर काहीही लावू नका.

अशा जागी खणण्याऐवजी चढवायचं. जमीन कुदळीने नुसती मोकळी करा, तिला गटाराकडे किंवा रस्त्याकडे उतार द्या आणि तिच्यावर दीड ते दोन फूट उंचीचा ढीग रचा. निम्मा चाळलेला मुरूम, पाव भाग विटांचे बारीक तुकडे किंवा जाड वाळू, पाव भाग पोयटा माती, एवढं पुरतं. क्रशसँड वापरत असाल तर तिच्यातली दगडाची भुकटी चाळून किंवा धुऊन काढा, नाहीतर तीच भुकटी सगळ्या फटी बुजवते. मुरमाचंही तसंच आहे. खाणीतून आलेला पिवळा, मातकट मुरूम न चाळता टाकला तर दोन पावसांत तो रस्त्यासारखा घट्ट बसतो. ढीग पायथ्याशी ऐसपैस ठेवा, कडेला काळे दगड लावा. उभा, निमुळता ढीग जुलैच्या पहिल्याच झडीत वाहून जातो.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची सवयही सोडा. त्याने निचरा सुधारत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत पाणी त्या खडीत उतरतच नाही, उलट मुळांची जागा तेवढी कमी होते. भोक मोठं ठेवा आणि वरपासून खालपर्यंत एकच भरड मिश्रण भरा.

लावताना बुंध्याची मान, म्हणजे बुंधा आणि मुळं जुळतात ती जागा, मातीच्या दोन-तीन बोटं वर राहिली पाहिजे, कारण ताजा ढीग खाली बसतो. मोठं झाड हलतं म्हणून लोक ते खोल पुरतात. त्यापेक्षा तीन बाजूंनी दगडांचा आधार द्या, मुळं धरली की काढून घ्या. मानेभोवती उसाचं पाचट किंवा पालापाचोळा पसरू नका, तिथे खडी हवी. भाजीच्या वाफ्याला पाचट सोनं आहे, इथे ते ओल धरून ठेवतं.

मृगात लावणं

मृग लागला की झाडं लावायची हे आपल्या अंगवळणी पडलंय. आंबा-चिंचेला ते योग्यच. पण सक्युलंटची मुळं उपटताना तुटतात, आणि त्या ताज्या जखमा घेऊन ते झाड चार महिने ओल्या मातीत बसतं. परतीचा पाऊस संपू द्या. पूर्व भागात तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच जास्त पाऊस होतो, त्यामुळे दसऱ्याचीही घाई नको. दिवाळी झाली की लावा. पुढचा पावसाळा येईपर्यंत मुळांना सहा-सात महिने मिळतात.

लावल्यावर लगेच बादलीभर पाणी ओतायचा मोह आवरा. आठवडाभर कोरडं राहू द्या. थोर, शेर किंवा उभ्या निवडुंगाची फांदी लावणार असाल तर कापलेली बाजू सावलीत दोन-तीन आठवडे सुकवा. जखमेवर कोरडी खपली धरल्याशिवाय ती मातीला लावायचीच नाही.

नर्सरीतून थेट उन्हात

ऊन निर्दोष आहे असं मात्र नाही. नर्सरीतलं झाड हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं. ते एप्रिलमध्ये आणून गच्चीवर ठेवलं की तीन-चार दिवसांत पानांवर पांढरट, मग तपकिरी चट्टे उठतात. हा रोग नाही, औषधाने जात नाही आणि तो चट्टा पुन्हा हिरवा होत नाही. सुरुवातीला सकाळचंच ऊन द्या आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. उन्हाळ्यातच आणलं असेल तर दुपारपुरती जुनी सुती साडी बांधली तरी काम भागतं.

आपल्या भागातली एक गंमत बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास साताऱ्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सांगलीत तीन-चार दिवस आधी. तिथपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. म्हणजे हिवाळ्यात 'उत्तरेची भिंत, इथे कायम सावली' म्हणून निवडलेली जागा ऐन मेमध्ये तापते. बिनकाट्यांचं मऊ अगेव्ह अशा जागी हमखास भाजतं. त्याला झाडाखालचं गाळलेलं ऊन बरं.

पाणी आणि खत

उन्हाळ्यात अजिबात पाणी न देणं हीही चूकच. कुंडीतल्या किंवा नव्या झाडाला मार्च ते मे दहा-पंधरा दिवसांतून एकदा, संध्याकाळी, मुळांपर्यंत पोचेल असं द्या. रोजचं तांब्याभर पाणी नको. लॉनच्या मधोमध सक्युलंट लावायची हौस दिसते, पण लॉनला रोज पाणी लागतं. दोघांचं जमत नाही.

बोअरचं पाणी खारट असेल तर मातीवर पांढरी पापडी येते आणि पानांची टोकं वाळतात. क्षारपड पट्ट्यात हे फार दिसतं. अधूनमधून साठवलेलं पावसाचं पाणी भरपूर ओतून क्षार खाली धुऊन काढा.

शेणखत पूर्ण कुजलेलं असेल तरच, तेही झाडामागे एखादं घमेलं. कच्च्या शेणखताबरोबर हुमणीच्या अळ्या येतात. ऊसवाल्यांना तिची ओळख करून द्यायला नको. मऊ, रसाळ मुळं तिला उसाइतकीच आवडतात. युरिया तर नकोच. पानं फुगतात, मऊ पडतात आणि पहिल्या झडीत कुजतात.

कूज ओळखायला उशीर

कोरफडीची, अगेव्हची सर्वांत खालची पानं कागदासारखी वाळली तर काळजी नको, ते वय आहे. उन्हाळ्यात कोरफड तांबूस झाली तरी घाबरू नका, पावसात ती पुन्हा हिरवी होते. डिसेंबर-जानेवारीत अडेनियमने पानं टाकली तर ते विसावलंय. तेव्हा पाणी वाढवलंत तर गड्डा जाईल.

घाबरायचं ते याला: खालचं पान पिवळं, पाणीदार आणि पारदर्शक होणं, ओढल्यावर अलगद हातात येणं, बुंधा दाबल्यावर बोट आत जाणं, आंबूस वास. एवढं दिसलं की बुरशीनाशक शिंपडत बसू नका, झाड त्याच दिवशी उपटा. पाऊस चालू असला तरी उपटाच. मुळांची माती झटका, सुरी स्पिरिटने पुसा आणि कुजलेला भाग कापत वर या. आतला गर एकसारखा स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं नाही. मध्ये तपकिरी ठिपका उरला तर तो आठवड्यात पुन्हा पसरतो. प्रत्येक कापानंतर सुरी पुसा. कापावर गंधकाची किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडची भुकटी लावा आणि झाड पडवीत, वारा लागेल तिथे, रद्दी कागदावर ठेवून द्या. लगेच लावायची गरज नसते. मोठं अगेव्ह किंवा गोल्डन बॅरल असं काही आठवडे मुळांशिवाय राहतं. उघडीप मिळाली की कोरड्या मुरमात लावा.

किडीचं थोडक्यात. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. मुंग्यांची रांग दिसली की तो शोधाच, कारण त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, फवारणी संध्याकाळीच. तेल लावून ऊन मिळालं की पानं भाजतात, आणि निळसर पानांवरची पावडरही जाते, म्हणून तिथे स्पिरिटचा बोळा बरा. नागफणीवरचा कापूस चिरडल्यावर लालभडक रंग निघाला तर तो कोचिनीलचा किडा आहे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, फार पसरला असेल तर ती फडी कापून टाका.

आकाराचा आणि चिकाचा अंदाज चुकणं

आज वीतभर दिसणारं अगेव्ह अमेरिकाना पुढे दहा फूट घेरतं आणि त्याचं टोक नेमकं लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला येतं. फाटकापासून आणि वाटेपासून किमान सहा-सात फूट आत लावा. शेर आणि थोर छाटताना चष्मा आणि हातमोजे हवेतच. शेराचा चीक डोळ्यात गेला तर तात्पुरती दृष्टीही जाऊ शकते. स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुऊन लगेच डॉक्टर गाठा. घायपाताच्या रसानेही अंगावर पुरळ उठतं.

शेवटची तक्रार रोगासारखी दिसते, पण रोग नसते. मधूनच वीस-पंचवीस फुटांचा दांडा वर येतो आणि खालची पानं सुरकुततात. अगेव्ह आयुष्यात एकदाच, साधारण दहा ते तीस वर्षांनी, फुलतं आणि मग मरतं. औषध, खत, पाणी यातलं काही देऊ नका. बुडाशी आलेली पिलं दिवाळीनंतर वेगळी करा. दांडा घराकडे किंवा विजेच्या तारांकडे झुकत असेल तर तो कोवळा असतानाच कापा, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात तो कुठे पडेल याचा भरवसा नाही.