एक्सकॉम 2 : तुकडी गारद होण्याआधी या चुका टाळा

एक्सकॉम 2 हा पाळीपाळीने (टर्नने) एलियनशी लढायचा कॉम्प्युटर गेम. त्यात ज्याची अख्खी तुकडी कापली जाते, त्याच्या तोंडून पहिलं वाक्य ठरलेलं निघतं: ‘गेम चीटिंग करतो रे भो!’ चाळीसगाव असो की रावेर, वाक्यात काडीचा फरक नाही. मग मिशनचं रेकॉर्डिंग बघायला मागावं, तर दहातल्या नऊ वेळा गेमने काही केलेलं नसतं. भाऊच घाईत असतो.

या गेमला दोष नाहीत असं कोणी म्हणू नये. 5 फेब्रुवारी 2016 ला तो फक्त कॉम्प्युटरसाठी आला, तेव्हा चांगल्या ग्राफिक्स कार्डवरही अडखळत चालायचा आणि प्रत्येक गोळीनंतर कॅमेरा उगाच रेंगाळायचा. मार्चअखेरच्या पॅचने ते बरंच सुधारलं, शिवाय हालचाली झटपट दाखवणारा ‘झिप मोड’ दिला. मोजक्या टर्नमध्ये मिशन संपवायला लावणाऱ्या टायमरवरून तर लोक आजही भांडतात. तरी दहा वर्षं हा गेम डोक्यातून जात नाही, कारण इथे आपण आधीच हरलेलो असतो. 2012 च्या एक्सकॉममधलं एलियनविरुद्धचं युद्ध माणसांनी गमावलं, त्याला 20 वर्षं झाली, आणि आता आपण लपूनछपून लढणारी टोळी आहोत. त्यात सैनिकांना वर्गमित्रांची नावं द्यायची सोय. मग आयटीआयमधला पक्या ग्रेनेडियर होऊन मेला की दोन दिवस जेवण जात नाही.

शेवटच्या चालीत नवी जागा उघडणं

निम्म्याहून जास्त पराभव या एकाच चुकीचे आहेत, म्हणून हिला जागाही जास्त.

शत्रू नकाशावर दोन-तीनच्या घोळक्याने फिरतात, त्याला पॉड म्हणतात. तुमची नजर पडेपर्यंत पॉड झोपल्यासारखाच असतो. नजर पडली की घोळक्यातला प्रत्येकजण लगेच फुकट पळून आडोसा पकडतो, तोही तुमच्याच टर्नमध्ये. मग त्यांचा टर्न आला की ते पूर्ण ताकदीने हल्ला करतात. एका टर्नमध्ये प्रत्येक सैनिकाला दोनच चाली, म्हणजे पॉड कधी जागा होतो, यावर सगळं ठरतं. तुमच्या तीन सैनिकांच्या चाली शिल्लक असताना झाला तर तो तुमचा घास. सगळ्यांच्या चाली संपल्यावर झाला तर तुम्ही त्याचा.

धुळ्याच्या एका पोराचं मिशन घ्या. सुरुवातीचे दिवस, चार जणांची तुकडी: रेंजर, ग्रेनेडियर, स्पेशालिस्ट, शार्पशूटर. टर्मिनल हॅक करायचं आहे आणि टायमरवर 4 टर्न उरलेत. समोर शत्रूचा एक ऑफिसर आणि दोन ट्रूपर, म्हणजे साधे शिपाई. स्पेशालिस्ट आणि शार्पशूटरने ऑफिसर आणि एक ट्रूपर पाडला. उरलेला ट्रूपर कमरेएवढ्या भिंतीमागे, आयुष्य 2. ग्रेनेडियरकडे ग्रेनेड शिल्लक होता, पण ‘पुढे कामी येईल’ म्हणून त्याने बंदूक चालवली. 58 टक्के. हुकली.

राहिला रेंजर. याने तलवार काढली, भिंतीला पूर्ण वळसा घालून पलीकडच्या चौकोनातून वार केला. ट्रूपर मेला. ‘एक नंबर!’ पण त्या चौकोनातून पलीकडचा अख्खा रस्ता दिसत होता, आणि रस्त्यावर एक सेक्टॉइड (डोकं ताब्यात घेणारा एलियन) आणि दोन स्टन लान्सर (जवळ येऊन बेशुद्ध पाडणारे शिपाई) उभे होते. तिघंही जागे झाले, पळाले, आडोशाला बसले. आपल्याकडे एकही चाल नाही, रेंजर उघड्यावर. शत्रूच्या टर्नमध्ये सेक्टॉइडने रेंजरचं डोकं ताब्यात घेतलं, एका लान्सरने स्पेशालिस्टला बेशुद्ध पाडलं, दुसऱ्याने ग्रेनेडियरला. पुढच्या टर्नला आपल्याच रेंजरची शॉटगन शार्पशूटरच्या छातीवर. मिशन तिथेच संपलं.

यात नशिबाचा भाग शोधूनही सापडत नाही. पहिली गोष्ट, ग्रेनेड. तो हुकत नाही, आडोसा उडवतो आणि चिलखत असेल तर 1 सोलून काढतो. आयुष्य 2 उरलेला ट्रूपर म्हणजे ग्रेनेडचंच गिऱ्हाईक. ग्रेनेड जपून ठेवणाऱ्यांच्या तुकड्या ग्रेनेडसकट गाडल्या जातात. स्फोटाने मेलेल्या शत्रूकडून लूट मिळत नाही हे खरं, पण लुटीसाठी चार माणसं घालवायची का, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

दुसरी गोष्ट, वार करायचा चौकोन. तलवारीचा निशाणा लावताना माउस शत्रूभोवती फिरवला की कुठल्या बाजूने वार करायचा ते निवडता येतं. आपल्याच बाजूचा, आधीच दिसत असलेला चौकोन घ्यायचा. तिथे पोहोचता येत नसेल तर तलवार म्यानात.

तिसरी गोष्ट पोरांना पटतच नाही: त्या ट्रूपरला एक टर्न जगू द्यायचा. उंच आडोशामागच्या सैनिकाला 40 संरक्षण मिळतं, म्हणजे समोरच्याच्या नेमातून सरळ 40 वजा. कमरेएवढ्या आडोशाला 20. एकट्या ट्रूपरची एक गोळी झेलणं नवा पॉड जागवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

सवय अशी लावा. टर्नमधला पहिला सैनिक सगळ्यात पुढे जाईल, तोही निळ्या रेषेच्या आत, म्हणजे त्याची एक चाल हातात राहील. बाकीचे फक्त त्याने पाहिलेल्या जागेत हलतील. शेवटचा सैनिक कधीच सगळ्यात पुढे नसेल. पिवळ्या रेषेपर्यंतची धाव नकाशाच्या अंधाऱ्या बाजूला घ्यायचीच नाही. आणि लढाई चालू असताना फ्लँक करायला, म्हणजे शत्रूला आडोशाच्या बाजूने गाठायला, नकाशाच्या कडेने पळू नका. फ्लँकचा मोह मोठा असतो, पण कडेला अंधार असतो आणि अंधारात पॉड.

टायमर आणि ओव्हरवॉचचं वेड

2012 च्या गेममध्ये लोक दोन पावलं सरकायचे, सगळ्यांना ओव्हरवॉचवर (शत्रू हलला की आपोआप गोळी झाडायच्या तयारीत) बसवायचे, पुन्हा दोन पावलं. कंटाळवाणं, पण जिंकून देणारं. जेक सॉलोमनच्या टीमने दुसऱ्या भागात बऱ्याच मिशनला टायमर लावला तो हीच सवय मोडायला. तरी जुने खेळाडू तेच करतात, आणि 8 टर्नच्या मिशनमध्ये पाचव्या टर्नला अर्ध्या वाटेवर असतात. मग उरलेले तीन टर्न बोंबलत पळायचं, आणि पळताना वरची पहिली चूक आपोआप घडते.

ओव्हरवॉच तसाही अधू आहे. ओव्हरवॉचच्या गोळीचा नेम 0.7 ने गुणला जातो. 80 चा 56 होतो. क्रिटिकलही, म्हणजे जादा इजा करणारी गोळीही, लागत नाही. एकच अपवाद आहे आणि तो सोन्यासारखा आहे: तुकडी अजून लपलेली असताना लावलेल्या ओव्हरवॉचला हा दंड नसतो. म्हणून सापळा लावायचा तो मिशनच्या सुरुवातीला. तिघांना आडोशामागे ओव्हरवॉचवर बसवा, मग चौथ्याने ग्रेनेड टाका. आडोसा उडतो, वाचलेले पळतात, पळताना तीन गोळ्या. क्रम उलटा केला, म्हणजे आधी गोळी आणि मग ओव्हरवॉच, तर सापळा गेला पाण्यात. लपलेले असताना लाल खुणेच्या चौकोनावर पाय ठेवला की शत्रूला दिसलात, हेही डोळे उघडे ठेवून बघा. खूण समोर असते, पण माउस आपल्याच धुंदीत.

टायमरवर तोड म्हणून स्पेशालिस्ट न्या. त्याचा ग्रेमलिन नावाचा ड्रोन टर्मिनलपर्यंत उडत जाऊन हॅक करतो. टर्मिनल नुसतं दिसलं तरी पुरतं, शेजारी जाऊन उभं राहावं लागत नाही. दोन-तीन टर्न इथेच वाचतात. पहिले दोन टर्न, लपलेले असेपर्यंत, बिनधास्त लांब चाला, कारण गोगलगाय व्हायची वेळ पहिला पॉड दिसल्यावर येते. नवखे बरोबर उलटं करतात: आधी रांगतात, मग धावतात.

एवढं करूनही टायमर सोसवत नसेल तर 2017 च्या वॉर ऑफ द चोझन या विस्तारात मोहीम सुरू करताना टायमर वाढवून घेता येतो. त्यात लाज कसली? मोड (खेळाडूंनीच बनवलेले गेममधले बदल) लावून टायमरच काढून टाकणाऱ्यांबद्दल मात्र न बोललेलं बरं. शेव भाजीतली शेवच काढून ठेवणाऱ्याला काय सांगणार?

टक्क्यांवर रुसणं

85 टक्के म्हणजे सातातली एक गोळी हुकणार. सलग तीन गोळ्या 85 च्या असतील, तर तिन्ही लागण्याची शक्यता 61 टक्केच राहते. तरी लोक तिन्ही लागतील असं धरून बेत आखतात. सोप्या पातळ्यांवर गेम पडद्याआडून तुमच्या बाजूने टक्के वाढवतो, लेजंड या सगळ्यात अवघड पातळीवर ती दया नाही. म्हणजे चीटिंग होत असलीच तर ती तुमच्याच फायद्याची. आणि तोच सेव्ह उघडून तीच गोळी पुन्हा मारायची युक्ती सोडा. गेम फासा लक्षात ठेवतो, त्याच क्रमाने तेच केलं तर निकालही तोच येतो. चालींचा क्रम बदलला तर निकाल बदलू शकतो, पण तेवढी मेहनत आधीच विचार करायला का घेत नाही, हे कोडं आहे.

सेक्टॉइडला घाबरून पळणं

एक फ्लॅशबँग टाका. गोंधळलेल्या सेक्टॉइडची मानसिक ताकद चालत नाही, ताब्यात घेतलेला आपला माणूस सुटतो, उठवलेली प्रेतं पुन्हा आडवी होतात. तलवारीचा घावही त्याला जास्त लागतो. सुरुवातीच्या दोन महिन्यांत तुकडीत एक तरी फ्लॅशबँग हवाच.

चारच जण घेऊन महिनोन् महिने लढणं

तळावर गुरिल्ला टॅक्टिक्स स्कूल, म्हणजे गनिमी काव्याची शाळा, सगळ्यात आधी बांधा. 85 सप्लाय (गेममधला पैसा) लागतात. एखादा सैनिक सार्जंट झाला की तिथे पाचवी जागा विकत मिळते, कॅप्टन झाला की सहावी. पाचव्या माणसाने जो फरक पडतो तो कुठल्याही नव्या बंदुकीने पडत नाही. लोक आधी चकचकीत खोल्या बांधतात आणि मग म्हणतात शत्रू फार झाले.

याच्याच जोडीला: रूकींना, म्हणजे नवख्या सैनिकांना, घरी बसवू नका. चांगले सगळे जखमी होऊन पडतात, तेव्हाच नेमकं अवघड मिशन येतं.

अवतारची लाल पट्टी बघून मोहीम सोडून देणं

शत्रूचा ‘अवतार’ हा गुप्त प्रकल्प किती पुढे गेला ते ही पट्टी दाखवते. पट्टीत 12 खाने असतात. बारा भरले की गेम संपत नाही, दिवसांची उलटी मोजणी सुरू होते. तेवढ्यात प्रकल्पाचं एखादं केंद्र उडवा किंवा कथेतलं मिशन मारा, खाने कमी होतात, मोजणी थांबते. घाबरून दर आठवड्याला केंद्रामागे धावायची गरज नाही. मात्र तिथपर्यंत पोहोचायला मधल्या प्रदेशांशी संपर्क लागतो, म्हणून इंटेल (जमवलेली गुप्त माहिती, गेममधलं दुसरं चलन) आधी त्यात घाला. काळ्या बाजारात इंटेल उधळणारे दहाव्या खान्याला जागे होतात.

स्कलजॅक ‘बघू तरी काय होतं’ म्हणून वापरणं

स्कलजॅक म्हणजे शत्रूच्या डोक्यात खुपसून माहिती काढायचं यंत्र. ऑफिसरला तो लावला की तिथल्या तिथे कोडेक्स हा नवा शत्रू उभा राहतो. कोडेक्सला लावला की अवतार नावाचा त्याहून तगडा शत्रू. दोन्ही वेळा बाकीच्यांच्या चाली शिल्लक हव्यात आणि नकाशावर दुसरा पॉड जागा नको. म्हणजे पुन्हा पहिलीच चूक, नाव वेगळं.

आयर्नमॅन आणि जाणारी वीज

आयर्नमॅन या खेळायच्या कडक प्रकारात एकच सेव्ह असतो आणि गेम त्याच्यावरच लिहीत राहतो. लिहिता लिहिता वीज गेली, तर फाइल खराब होऊन 40 तासांची मोहीम गेली म्हणून समजा. आपल्याकडे उन्हाळ्यात, त्यातही गावाकडे, वीज कधी जाईल याचा नेम ओव्हरवॉचपेक्षा वाईट. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय आयर्नमॅनच्या वाटेला जाऊ नका. इन्व्हर्टरवर भिस्त असेल तर वीज बदलताना कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो का, ते आधी तपासा. बऱ्याच घरी होतो.

दुसरा उपाय सेव्हची प्रत. डॉक्युमेंट्समध्ये ‘माय गेम्स’, त्यात एक्सकॉम 2 चं फोल्डर, त्यात ‘एक्सकॉमगेम’ आणि त्यात ‘सेव्हडेटा’. वॉर ऑफ द चोझनचं फोल्डर वेगळं असतं, भलत्याचीच प्रत काढून ठेवू नका. दर बैठकीनंतर हे फोल्डर पेनड्राइव्हवर टाका. कोणी म्हणेल ही फसवणूक. ती प्रत मेलेला सैनिक उठवायला वापरली तर फसवणूक, खराब झालेल्या फाइलीसाठी वापरली तर शहाणपण.

मे महिन्यात मॅक्स सेटिंग

भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा लॅपटॉप गादीवर ठेवून मॅक्स ग्राफिक्स लावणाऱ्याने फ्रेम पडल्याची तक्रार करू नये. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. सगळ्यात आधी कडा गुळगुळीत करणाऱ्या सेटिंगमध्ये जड एमएसएए बंद करून हलकं एफएक्सएए लावा, मग सावल्या आणि अँबियंट ऑक्लुजन (कोपऱ्यांतल्या बारीक सावल्या) खाली आणा. या गेममध्ये दिसण्यात फरक थोडा पडतो, वेगात बराच. रॅम 8 जीबी हवी. 4 जीबीवर गेम चालू होतो, पण लोडिंगच्या वेळात चहा होतो. डाउनलोडला मूळ गेमच 45 जीबी जागा मागतो, तेव्हा मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीत तो उतरवायचा बेत सोडा.

मोबाइलवर खेळणाऱ्यांसाठी 2020 मध्ये आयफोन-आयपॅडवर आणि 2021 मध्ये अँड्रॉइडवर हाच गेम विस्तारासकट आला आहे. तिथे चूक एकच: छोट्या पडद्यावर बोट शेजारच्या चौकोनावर पडतं आणि सैनिक उघड्यावर जाऊन उभा राहतो. चाल पक्की करण्याआधी आडोसा दाखवणारी ढालीची खूण पूर्ण आहे, अर्धी आहे की नाहीच, हे बघा.

चालू मोहिमेत मोड काढणं

नवा वर्ग किंवा नवी शस्त्रं देणारा मोड मध्येच काढला तर सेव्ह उघडत नाही, किंवा उघडतो आणि तिसऱ्या मिशनला बंद पडतो. मोड ठरवायचे ते मोहिमेआधी. रेंगाळणारा कॅमेरा घालवणारा ‘स्टॉप वेस्टिंग माय टाइम’ आणि सगळ्यांना एका बटणावर मिशनमधून उचलणारा ‘इव्हॅक ऑल’, हे दोन बिनधास्त लावा. एका वेळी एकच मोड टाका, गेम चालू करून एक मिशन खेळा, मग पुढचा. तीस मोड एकदम टाकून ‘कोणता बिघडवतोय?’ विचारणाऱ्याला उत्तर एकच: सगळे काढा आणि एकेक करून परत लावा.