काढण्याआधी विचारा: लिनक्समधल्या पॅकेजांची चौकशी

रात्री अकरानंतर माझा फोन वाजला की पलीकडून येणारं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. "मॅडम, डिस्क भरली, काय काय उडवू?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. आधी काही उडवू नकोस, आधी विचार. मला नाही, मशीनला विचार.

सर्व्हर सांभाळायला लागून मला बरीच वर्षं झाली. पॅकेज, म्हणजे एखादा प्रोग्राम आणि त्याच्या फाइलींचा गठ्ठा, टाकायची कमांड प्रत्येकाला येते, काढायचीही येते. जे आहे त्याची चौकशी कशी करायची, हे मात्र फार थोड्यांनी शिकलेलं असतं. खरं तर चौकशीच्या सगळ्या कमांड निरुपद्रवी आहेत. त्यांना सुडो, म्हणजे मशीनच्या मालकाचा अधिकार, लागत नाही आणि त्या काही मोडत नाहीत. इथे मी त्या फोनवर सांगते तशाच लिहिते आहे. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, पण स्मॉल की कॅपिटल याकडे नीट लक्ष ठेवा, त्यात अर्थ बदलतो.

लिनक्सच्या डेबियन, उबंटू, मिंट या घराण्यात दोन माणसं कामाला असतात असं समजा. डीपीकेजी हा कोठी सांभाळणारा. हातात आलेली डेब फाइल, म्हणजे बांधलेलं पॅकेज, उलगडायची, आतल्या फाइली जागच्या जागी ठेवायच्या आणि वहीत नोंद करायची, एवढंच त्याचं काम. इंटरनेट नावाची गोष्ट त्याला ठाऊक नाही. अ‍ॅप्ट हा बाजारहाट करणारा. कशाला काय लागतं ते बघतो, सगळं आणतो आणि डीपीकेजीच्या हवाली करतो. डीपीकेजी डेबियनच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतला, १९९४चा. अ‍ॅप्ट १९९९ साली डेबियन २.१ सोबत आला. आज आपण नुसतं 'अ‍ॅप्ट' म्हणून जी कमांड देतो ती २०१४ची. त्याआधी सगळं 'अ‍ॅप्ट-गेट' आणि 'अ‍ॅप्ट-कॅश'. स्क्रिप्टमध्ये अजूनही अ‍ॅप्ट-गेटच लिहा. 'अ‍ॅप्ट'चं आउटपुट माणसाने वाचायला आहे आणि ते पुढेमागे बदलू शकतं. पाइपमध्ये घातलं, म्हणजे पुढच्या कमांडकडे वळवलं, की तो तशी ताकीदही देतो.

ती वही म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल आहे: स्लॅश व्हार, स्लॅश लिब, स्लॅश डीपीकेजी, स्लॅश स्टेटस. 'लेस' या वाचायच्या कमांडने उघडून एकदा बघाच, भीती जाते. बदलू मात्र नका.

रोज ती वाचायला 'डीपीकेजी डॅश स्मॉल एल' आहे. यादी लांबलचक येते आणि लोक नावांकडे बघतात. मी डावीकडच्या दोन अक्षरांकडे बघते. पहिलं अक्षर म्हणजे काय हवं होतं, दुसरं म्हणजे प्रत्यक्षात काय आहे. 'आय आय' असेल तर हवं होतं आणि बसलेलं आहे, पुढे चला. 'एच आय' म्हणजे कोणीतरी हे पॅकेज होल्डवर ठेवलंय, अपग्रेड झाले तरी हे जागचं हलणार नाही. दुसरं अक्षर कॅपिटल यू किंवा कॅपिटल एफ दिसलं तर काम अर्धवट राहिलंय: यू म्हणजे उलगडलं पण कॉन्फिगर झालं नाही, एफ म्हणजे कॉन्फिगर करताना अडकलं.

आणि मग 'आर सी'. पॅकेज काढलं, पण त्याच्या कॉन्फिगच्या, म्हणजे सेटिंग्जच्या, फाइली ईटीसी या फोल्डरात तशाच आहेत. 'अ‍ॅप्ट रिमूव्ह' हेच करतं, आणि मुद्दाम करतं, कारण तुमच्या हाताने लिहिलेली सेटिंग्ज तुम्हाला न विचारता पुसणं बरं नव्हे. पण याचा हिशोब कोणी ठेवत नाही. एकदा मी एका मशीनवर वेबसर्व्हर नव्याने टाकला. कोरा टाकला असं मला वाटलं. चालू होताच तो एका जुन्याच पोर्टवर जाऊन बसला, आणि मी तासभर फायरवॉल तपासत राहिले. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी तोच सर्व्हर रिमूव्ह केला होता आणि त्याची कॉन्फिग फाइल वाट बघत तिथेच बसली होती. टाकण्याआधी डीपीकेजीच्या यादीला 'ग्रेप' ही शोधायची कमांड लावून 'आर सी'ने सुरू होणाऱ्या ओळी बघितल्या असत्या तर दहा सेकंदांत कळलं असतं.

अशी उरलेली पॅकेजं बघायला नव्या अ‍ॅप्टमध्ये सोपी खूण आहे: 'अ‍ॅप्ट लिस्ट' आणि पुढे एकेरी अवतरणात टिल्ड स्मॉल सी. यादी पटली तर कॉन्फिगच्या फाइलीही पुसणाऱ्या 'अ‍ॅप्ट पर्ज'ला तीच खूण द्या. पण डेटाबेसची नावं दिसली तर थांबा. मायएसक्यूएल, पोस्टग्रेससारखी पॅकेजं पर्ज करताना माहितीसुद्धा पुसू का असं विचारतात, आणि त्या प्रश्नाला सवयीने एंटर मारणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता फाइलीवरून उलट शोध. ही फाइल कोणी आणली? 'डीपीकेजी डॅश कॅपिटल एस' आणि पूर्ण पाथ. स्लॅश बिन स्लॅश एलएस विचारलं तर उत्तर येतं कोअरयुटिल्स. कधी कधी डोळ्यांसमोर असलेली फाइल कोणत्याच पॅकेजची नाही असं उत्तर येतं. तेव्हा घाबरण्याआधी पाथ बदलून बघा, कारण हल्ली स्लॅश बिन ही स्लॅश यूएसआर स्लॅश बिनकडे नेणारी नुसती लिंक असते आणि वहीत दोनपैकी एकच पत्ता लिहिलेला असतो. दोन्ही पत्त्यांवर नाही म्हणाला, तर ती फाइल कोणीतरी हाताने आणून टाकलेली किंवा एखाद्या स्क्रिप्टने बनवलेली. उलट दिशेने, पॅकेजने काय काय आणलं ते 'डॅश कॅपिटल एल' सांगतं. आणलेल्या फाइली नंतर बदलल्या का, हे 'डॅश कॅपिटल व्ही'.

जागेच्या तक्रारीकडे येऊ. पॅकेजं आकाराप्रमाणे लावायला डीपीकेजी-क्वेरी नावाचा भाऊ आहे. त्याला डॅश कॅपिटल डब्ल्यू द्यायचं आणि फॉरमॅटमध्ये इन्स्टॉल्ड-साइझ व पॅकेज ही दोन नावं, प्रत्येक डॉलर आणि महिरपी कंसात. पुढे पाइप आणि 'सॉर्ट डॅश एन'. टाइप करायला किचकट आहे, म्हणून मी त्याचा एलियास, म्हणजे छोटं टोपणनाव, करून ठेवलाय. आकडे किलोबाइटमध्ये येतात, सर्वांत जड पॅकेज तळाशी. तिथे बहुधा कर्नल (सिस्टिमचा गाभा), मोठ्या कंपायलर लायब्ररी आणि फॉन्ट भेटतात. कर्नल काढायची वेळ आलीच तर आधी 'यूनेम डॅश आर' करून सध्या कोणता चालू आहे ते बघा. तो सोडून बोला.

पण मी फोनवर आधी हे सांगतच नाही. आधी 'अ‍ॅप्ट क्लीन' सांगते. उतरवलेल्या डेब फाइलींचा साठा स्लॅश व्हार स्लॅश कॅश स्लॅश अ‍ॅप्टमध्ये पडून असतो. तो पुसल्याने बसवलेलं काहीच हलत नाही. त्यानंतर 'डीयू' या जागा मोजायच्या कमांडने लॉगचा, म्हणजे मशीनच्या नोंदींच्या फाइलींचा, आकार बघायला लावते, आणि दहापैकी सात-आठ वेळा पॅकेजं निर्दोष सुटतात.

काढायचंच ठरलं तर

अ‍ॅप्ट वाय की एन विचारण्याआधी एक यादी दाखवतो. माझ्या मते ही यादी म्हणजे त्या कमांडचं खरं काम, बाकी हमाली. आता मी हे ठासून सांगते, पण एके काळी मीसुद्धा हौसेने डॅश वाय, म्हणजे न विचारता सगळ्याला होय, लावत असे.

माझ्याच डेस्कटॉपवर गाणी वाजवणारं एक पॅकेज होतं, कधी न वापरलेलं. काढलं. सोबत 'नोम' नावाचं एक पॅकेज गेलं, ते मी वाचलं नाही. ते मेटापॅकेज होतं. त्याच्या पोटात एकही प्रोग्राम नसतो, फक्त 'मला हे हे लागतं' अशी यादी असते. त्या यादीतलं एक गेलं म्हणून तेही गेलं. इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं. पण मेटापॅकेज गेल्याबरोबर त्याच्या आधाराने आलेली शेकडो पॅकेजं अ‍ॅप्टच्या लेखी पोरकी झाली. मी पाठोपाठ पोरकी पॅकेजं काढणारं 'अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह डॅश वाय' दिलं आणि चहा प्यायला उठले. परत आले तेव्हा स्क्रीन होता तसाच होता, कारण मेमरीत चढलेले प्रोग्राम चालूच राहतात. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं तर काळा पडदा आणि लॉगिनची एक ओळ. नेटवर्क मॅनेजरही गेला होता, म्हणजे परत आणायला वायफायसुद्धा नाही.

वाचवलं ते स्लॅश व्हार स्लॅश लॉग स्लॅश अ‍ॅप्टमधल्या हिस्टरी डॉट लॉगने. त्यात प्रत्येक खेपेची वेळ, दिलेली कमांड आणि आलेल्या-गेलेल्या पॅकेजांची नावं आवृत्तीसकट लिहिलेली असतात. फोन यूएसबीने जोडला, नेट मिळवलं आणि 'रिमूव्ह'च्या ओळीतली नावं सुटी करून 'अ‍ॅप्ट इन्स्टॉल'ला दिली. दुपार त्यात गेली.

तेव्हापासून माझा क्रम असा. आधी 'अ‍ॅप्ट डॅश स्मॉल एस रिमूव्ह' आणि नाव. ही रंगीत तालीम आहे, प्रत्यक्षात काहीच होत नाही. 'रिमव्ह'ने सुरू होणाऱ्या ओळी मोजायच्या. एक काढायला निघालो आणि चाळीस निघाल्या, तर तिथेच थांबायचं. मग 'अ‍ॅप्ट आरडिपेंड्स डॅश डॅश इन्स्टॉल्ड' देऊन हे कोणाकोणाला लागतं ते विचारायचं. यादीत मेटापॅकेज असेल तर त्याच्यासोबत आलेलं जे ठेवायचंय ते 'अ‍ॅप्ट-मार्क मॅन्युअल'ने माझ्या नावावर करून घ्यायचं. मॅन्युअल म्हणजे मी मागितलेलं, ऑटो म्हणजे दुसऱ्याच्या पाठोपाठ आलेलं, आणि ऑटोरिमूव्ह हात लावतो तो फक्त ऑटोला. पोरकेपणाचं सगळं गणित या एका खुणेवर आहे.

जुना अ‍ॅप्ट तर सिस्टिमचा कणाच काढायला निघालात की नुसत्या वायवर मानत नसे, 'होय, मी सांगतो तसंच कर' या अर्थाचं अख्खं इंग्रजी वाक्य टाइप करायला लावत असे. ते वाक्य मागितलं गेलं की उत्तर नेहमी नाही.

मध्येच वीज गेली किंवा एसएसएच, म्हणजे दुरून मशीनशी जोडलेलं कनेक्शन, तुटलं तर 'डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए', मग 'अ‍ॅप्ट डॅश डॅश फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. एका वेळी एकालाच काम करू देणारी लॉक फाइल अडवते म्हणून ती पुसायचा सल्ला सगळीकडे मिळतो. पुसू नका. बहुधा पाठीमागे आपोआप होणारे अपडेट चालू असतात. पाच मिनिटं थांबा किंवा कोणती प्रोसेस आहे ते 'पीएस'ने बघा.

दुसऱ्या घराण्यांत

रेड हॅट, फेडोराकडे कोठीवाला आरपीएम आणि बाजारहाट डीएनएफकडे. फेडोरात २०१५ साली, २२व्या आवृत्तीपासून, यमची जागा डीएनएफने घेतली. चौकशी 'आरपीएम डॅश क्यू'ने सुरू होते: पुढे एफ लावला तर फाइल कोणाची, एल लावला तर पॅकेजच्या फाइली, सी लावला तर फक्त कॉन्फिग. 'आरपीएम डॅश क्यू ए डॅश डॅश लास्ट' सगळ्यांत नवं वर दाखवतं. "काल काहीच बदललं नव्हतं" असं कोणी म्हणालं की मी पहिली हीच कमांड चालवते. 'आरपीएम डॅश कॅपिटल व्ही'च्या उत्तरात टिंबांच्या रांगेत एस, ५, टी अशी अक्षरं येतात: आकार बदलला, मजकुराचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) बदलला, वेळ बदलली. पुढे स्मॉल सी असेल तर ती कॉन्फिग फाइल आहे, बदललेली असणारच. सी नसेल आणि ५ असेल, तर मात्र खुर्ची पुढे ओढून बसा.

आणि एका बाबतीत मला या घराण्याचा हेवा वाटतो. 'डीएनएफ हिस्टरी' प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देते आणि 'हिस्टरी अनडू' व क्रमांक दिला की तो व्यवहार उलटवते, जुन्या आवृत्त्या रेपोत, म्हणजे पॅकेजांच्या ऑनलाइन कोठारात, शिल्लक असतील तर. ती दुपार मला परत मिळाली असती.

आर्चवाल्यांचा पॅकमॅन दोन्ही कामं एकटाच करतो. कॅपिटल क्यू म्हणजे चौकशी: 'क्यू ई' मागितलेलं, 'क्यू डी टी' पोरकं, 'क्यू ओ' फाइलीचा मालक. 'कॅपिटल एस, स्मॉल वाय' देऊन एकच पॅकेज टाकायचा मोह टाळा, अर्धं अपग्रेड झालेलं मशीन तिथे कोणी सावरून देत नाही.

हे सगळं विचारूनही हिशोब जुळला नाही तर वहीबाहेर बघा. स्नॅप आणि फ्लॅटपॅक या प्रोग्राम टाकायच्या वेगळ्या पद्धती, त्यांच्या वह्याही वेगळ्या, 'स्नॅप लिस्ट' आणि 'फ्लॅटपॅक लिस्ट'. पिपने, म्हणजे पायथनच्या स्वतःच्या बाजारहाटवाल्याने, टाकलेली पायथनची पॅकेजं डीपीकेजीला दिसतच नाहीत. डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप थेट टाकू देत नाही ते यामुळेच, दोघेही एकाच कपाटात हात घालायचे. आणि 'अ‍ॅप्ट लिस्ट'ला टिल्ड स्मॉल ओ दिलं की अशी पॅकेजं दिसतात जी बसलेली आहेत पण आज कोणत्याच रेपोत नाहीत. कोणीतरी डेब फाइल उतरवून टाकलेली, किंवा मागच्या आवृत्तीतून उरलेली. त्यांना सुरक्षेचे अपडेट कुठूनच येणार नाहीत, म्हणून ही यादी मी महिन्यातून एकदा बघते.

मशीन बदलायची वेळ आली तर 'अ‍ॅप्ट-मार्क शोमॅन्युअल' फाइलमध्ये वळवून घ्या आणि 'शोहोल्ड'ही सोबत घ्या. होल्ड कोणी का लावला होता ते तिथे लिहिलेलं नसतं, तेवढं जाणाऱ्या माणसाला विचारून ठेवा.