आई-बाबांना घेऊन स्कॉटलंडच्या ग्लेनमध्ये चालायला जायचंय? मग हे वाचा

उन्हाळ्यात आई-बाबा इकडे येतात, पहिला आठवडा एडिंबराचा किल्ला, म्युझियम आणि प्रायमार्कचं कपड्यांचं दुकान यात निघून जातो आणि मग प्रश्न पडतो की आता यांना न्यायचं कुठे. माझ्याकडे तीन वर्षं हेच चाललंय आणि पहिल्या वर्षी मी जी चूक केली ती तुम्ही करू नका म्हणून हे लिहितेय.

चूक अशी की आपलं डोकं सह्याद्रीवालं. डोंगर दिसला की माथा गाठायचा, वर काहीतरी असणारच, बुरूज, पाण्याचं टाकं, निदान एखादं देऊळ तरी. इथे वर दगडांची एक रास असते आणि भयानक वारा, आणि दहातल्या सात वेळा ढगात काही दिसतच नाही. मी आई-बाबांना "छोटीशी टेकडी आहे" म्हणून वर नेलं, बाबांचे गुडघे पुढचे चार दिवस बोलत होते आणि आईने तर बोलायचंच बंद केलं. तेव्हा वर जायचं नाही, खालून चालायचं. इथली खरी मजा ग्लेनमध्ये आहे.

ग्लेन म्हणजे दोन डोंगरांमधलं अरुंद खोरं. रुंद असेल तर स्ट्रॅथ. खाली जो ओढा वाहतो तो बर्न, आणि गावाच्या नावात इन्व्हर किंवा ॲबर आलं की समजायचं तिथे नदी कशाला तरी जाऊन मिळतेय, म्हणजे आपला संगमच. ब्रे लिहिलेलं दिसलं तर चढ आहे, ते घरच्यांना आधीच सांगून टाका. एवढे शब्द कळले की नकाशा बऱ्यापैकी वाचता येतो.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर डंकेल्ड. पर्थच्या वर, इन्व्हरनेसला जाणाऱ्या रेल्वे लाइनवर डंकेल्ड अँड बर्नम नावाचं छोटं स्टेशन आहे, गाडी नसली तरी चालतं. स्टेशनवरून इन्व्हर गावातून ब्रान नदीच्या कडेकडेने चालत गेलं की अर्ध्या-पाऊण तासात हर्मिटेज नावाचं जंगल लागतं. (ब्रान पुढे टे नदीला मिळते, म्हणून ते इन्व्हर, बघा जमलं की नाही.) रस्ता रुंद, चढ अगदी थोडा, आणि डोक्यावर डग्लस फरची झाडं, त्यातली काही ६० मीटरच्या वर म्हणजे वीस मजली बिल्डिंगएवढी. बाबा मान वर करून उभेच राहिले आणि मग म्हणाले याचे वासे किती निघतील. पुढे धबधब्यावर ऑसियन्स हॉल म्हणून एक छोटी इमारत आहे, १७५७ मध्ये त्या भागातल्या ड्यूकसाठी बांधलेली, आत आरसे लावलेत आणि पलीकडच्या दारातून बाहेर पडलं की एकदम समोर पाणी कोसळताना दिसतं. शरद ऋतूत नशीब असेल तर सॅमन मासे तिथे उड्या मारताना दिसतात.

परत येताना बर्नममध्ये टे नदीच्या काठाला तो प्रसिद्ध बर्नम ओक बघा. शेकडो वर्षं जुनं झाड, खालच्या फांद्या इतक्या जड झाल्यात की त्यांना लाकडी टेकू दिलेत. आई म्हणाली वडाला निदान स्वतःच्या पारंब्या तरी असतात, याला बिचाऱ्याला काठ्या द्याव्या लागल्या. वेळ उरला तर टेलफर्ड नावाच्या इंजिनिअरच्या १८०९ सालच्या पुलावरून नदी ओलांडून डंकेल्ड गावात जा, अर्धं पडकं कॅथेड्रल आहे, हिरवळीवर बसून डबा खायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही.

डबा म्हणजे डबाच न्या हो. खेड्यातली कॅफे चार-साडेचारला खुर्च्या उलट्या ठेवायला लागतात आणि व्हेज म्हणजे परत एकदा चीज सँडविच किंवा सूप. ठेपले, पोळीचा रोल, चिवडा आणि थर्मासमध्ये चहा, झालं. वॉशरूम मात्र जिथे दिसेल तिथे वापरून घ्या, पुढे मिळेल या भरवशावर राहू नका.

दुसरी जागा पिटलॉक्री, त्याच रेल्वे लाइनवर पुढचं स्टेशन. तिथे फॅस्कली वूडमध्ये डनमोर नावाच्या छोट्या तळ्याभोवती सपाट फेरी आहे, ऑक्टोबरमध्ये झाडं पिवळी-तांबडी झाली की पाण्यात सगळं दुप्पट दिसतं. गावातच धरण आहे आणि माशांना वर चढता यावं म्हणून ३४ हौदांची शिडी केलीय, आई-बाबांना धबधब्यांपेक्षा तीच जास्त आवडली.

तिसरी ग्लेनको. तिथले मोठे डोंगर गाडीतूनच बघा, चालायला मात्र गावामागच्या ग्लेनको लोखनवर जा. लोखन म्हणजे छोटं तळं, सपाट फेरी दीड-दोन किलोमीटरची. ही जागा डोनल्ड स्मिथ, म्हणजे लॉर्ड स्ट्रॅथकोना, यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तयार केली. कॅनडात पैसा करून ते स्कॉटलंडला परतले, पण बायको इझाबेला कॅनडाची, तिला घरची आठवण येऊन चैन पडेना म्हणून त्यांनी तळं केलं आणि भोवती उत्तर अमेरिकेतली झाडं लावली. तरी तिचं मन काही रमलं नाही. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, झाडं लावण्यापेक्षा तिकीट काढून द्यायचं ना.

ॲबरफेल्डीचं बर्क्स पण खूप लोक सुचवतात, ओढ्याच्या दोन्ही बाजूंनी बर्चचं जंगल आणि वर मोनेसचा धबधबा, सुंदर आहे, पण पायऱ्या आणि चढ आहेत त्यामुळे ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनीच पूर्ण फेरी मारा, बाकीच्यांनी खालचा थोडा भाग करून परत फिरा. आणि रील बघून ग्लासगोजवळच्या फिनिक ग्लेनला, ज्याला डेव्हिल्स पुलपिट म्हणतात, वयस्कर माणसांना घेऊन अजिबात जाऊ नका. निसरड्या मोडक्या पायऱ्या, आणि लोकांना तिथून सोडवून आणावं लागतं.

वेळेचा हिशोब कसा करायचा? विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक नियम दिला, तो अजून चालतो. साधारण पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आई-बाबा बरोबर असतील तर येईल त्या आकड्याची सरळ दुप्पट करा, कारण दर दहा मिनिटांनी फोटो, फूल, "हे आपल्याकडच्या अमक्यासारखं दिसतं ना गं". वॉकहायलँड्स या वेबसाइटवर प्रत्येक वाटेला अवघडपणाचे आणि चिखलाचे १ ते ५ असे वेगवेगळे मार्क असतात. चिखलाचा मार्क आधी बघा. सोपी वाट म्हणजे कोरडी वाट असं इथे कोणी सांगितलेलं नाही. आणि पाट्यांवर बऱ्याचदा मैल असतात, नुसता आकडा बघून खूश होऊ नका.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. छत्री वाऱ्यात उलटी होते, रेनकोट घ्या. आईला साडीवर स्पोर्ट्स शूज घालायला मी पहिल्या वर्षी मनवू शकले नाही, दुसऱ्या वर्षी तिने स्वतःच मागितले.

कुणाच्या शेतातून किंवा इस्टेटीतून वाट गेली तर घाबरू नका. इथे २००३ च्या कायद्याने बहुतेक सगळ्या मोकळ्या जमिनीवरून चालायचा हक्क आहे, फक्त जबाबदारीने, म्हणजे घराच्या बागेतून जायचं नाही, उभं पीक तुडवायचं नाही, फाटक जसं होतं तसंच ठेवायचं. गाय दिसली की हात लावून नमस्कार करायला जायचं नाही, हे बाबांना दोनदा सांगावं लागलं. वासरू बरोबर असेल तर लांबून वळसाच घ्या, वासरू असलेली गाय इथे खरंच अंगावर येते.

नेटवर्क खोऱ्यात जातं, नकाशा घरूनच डाऊनलोड करा. काही झालंच तर ९९९ लावून पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. परतीच्या ट्रेनची वेळ उतरल्या उतरल्या बघा, या लाइनवर गाड्या फार नाहीत. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो म्हणून वेळेचं भान राहत नाही, आणि डिसेंबरमध्ये साडेतीन-पावणेचारला सूर्य मावळतो तेव्हा सकाळीच निघा.

आता खरा शत्रू, मिज. म्हणजे आपली चिलटंच पण चावरी, आणि एकटी कधी येत नाहीत. मे ते सप्टेंबर, संध्याकाळी, दमट आणि वारा पडलेला असला की झुंडच. जरा वारा सुटला की गायब, म्हणून डबा खायला मोकळ्यावर बसा, झाडीत नको. स्मिज नावाचा स्प्रे मिळतो तो घ्या.

आणि गोचीड. गवतातून, नेच्यांतून चालताना पायाला लागतात, त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पँट मोज्यात खोचा, दिसायला कसंही दिसू दे. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेला बघायचं, सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून पकडून सरळ वर ओढायची, तेल किंवा काडी असले प्रयोग नकोत. तारीख लिहून ठेवायची आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चट्टा पसरला तर डॉक्टरला दाखवायचं. बाबांच्या पोटरीला एक मिळाली तेव्हा मी यूट्यूब उघडून बसले होते, ते म्हणाले आण तो चिमटा इकडे, लहानपणी गोठ्यातल्या म्हशींच्या रोज काढायचो.