मॉक ट्रायलमध्ये (सरावाच्या खोट्या खटल्यात) साक्षीदार तपासताना या चुका टाळा

सरतपासणीत, म्हणजे स्वतःच्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारताना, हमखास होणारी चूक म्हणजे सूचक प्रश्न, म्हणजे हवं ते उत्तर सुचवणारा प्रश्न. "आरोपीला तुम्ही रात्री दहा वाजता दुकानातून पळताना पाहिलंत ना?" असं विचारलंत की समोरून हरकत आलीच. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १४६ प्रमाणे प्रास्ताविक, वादात नसलेल्या किंवा न्यायालयाच्या मते आधीच पुरेशा सिद्ध झालेल्या बाबींपुरती सूट मिळते, बाकी ठिकाणी हरकत आली तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय नाही. हरकत मान्य झाली तर वाद घालत बसू नका, प्रश्न बदला: "रात्री दहाला तुम्ही कुठे होतात? तिथे काय दिसलं?"

उलटतपासणीत (समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारताना) मात्र सूचक प्रश्नच हवेत, आणि खरी पडझड इथेच होते. "रस्त्यावरचा दिवा बंद होता?" हो. "तुम्ही पलीकडच्या फुटपाथवर होतात?" हो. "पळणाऱ्याच्या तोंडाला रुमाल होता?" हो. आता खाली बसा. पण अनेकांना "मग ओळखलंत कसं?" विचारायचा मोह आवरत नाही. साक्षीदार शांतपणे सांगतो, "शेजारीच आहे तो माझा, चालीवरून ओळखला." कमावलेलं सगळं गेलं. ओळखणं शक्यच नव्हतं हा निष्कर्ष अंतिम युक्तिवादात तुम्ही मांडायचा असतो, साक्षीदाराच्या तोंडून वदवायचा नसतो.

आधीच्या जबाबाशी विसंगती दाखवतानाही घाई नडते. कागद नाचवत "तुम्ही खोटं बोलताय" म्हणून काही सिद्ध होत नाही. कलम १४८ नुसार लेखी जबाबाने साक्षीदाराला खोडायचं असेल, तर जबाबातला नेमका तो भाग त्याच्या निदर्शनास आणावा लागतो. म्हणून आधी आजचं उत्तर पक्कं करून घ्या, मग जबाब त्याचाच असल्याचं कबूल करून घ्या आणि त्यानंतरच ती ओळ वाचा.

साक्षीदार फाटे फोडत असेल तर चिडू नका. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हा विचारा. केस फाइलमध्ये (मॉक ट्रायलसाठी दिलेल्या कागदपत्रांत) नसलेली गोष्ट त्याने घुसडली तर "हे तुमच्या जबाबात लिहिलेलं आहे का?" एवढंच पुरे.

आणि प्रश्नांची यादी पाठ करून जाऊ नका. उत्तर ऐकायचं सोडून डोकं पुढच्या प्रश्नात अडकतं आणि साक्षीदाराने दिलेली कबुली हातातून निसटते. त्याऐवजी प्रत्येक साक्षीदाराकडून हव्या असलेल्या तीन-चार कबुल्या कागदावर लिहा आणि समोर जबाबाचा परिच्छेद क्रमांक टाका. सराव करताना साक्षीदार झालेल्या मित्राला मुद्दाम आडवी उत्तरं द्यायला सांगा.