शांतता परिषदेची तयारी करताना या चुका टाळा

यादवी युद्ध थांबवण्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरते, तेव्हा बातमी होते ती नेत्यांच्या हस्तांदोलनाची. खरं काम त्याआधीच्या काही महिन्यांत झालेलं असतं, किंवा राहून गेलेलं असतं. सीरिया, श्रीलंका आणि लिबिया इथल्या बोलण्यांचा माग काढत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: बाहेर राहून ही बोलणी कोण मोडू शकतं, हा प्रश्न तयारी करणाऱ्यांनी फार उशिरा विचारला. परराष्ट्र सेवेत जाऊ पाहणाऱ्या आणि अशा संघर्षांचा अभ्यास करणाऱ्या तरुणांसाठी त्यातल्या चुका इथे मांडत आहे.

बोलावून परत पाठवणं

सीरियाविषयीची दुसरी जिनिव्हा परिषद २२ जानेवारी २०१४ ला सुरू व्हायची होती. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून यांनी १९ तारखेला इराणला निमंत्रण दिल्याचं जाहीर केलं. २०१२ च्या जिनिव्हा निवेदनाचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या संमतीने हंगामी सरकार आणण्याचा पाया इराणला मान्य आहे, असं आश्वासन त्यांना मिळालं होतं. तेहरानने मात्र तसं जाहीरपणे म्हटलं नाही. सीरियातल्या विरोधकांच्या आघाडीने 'मग आम्ही येत नाही' असं कळवलं, अमेरिकेनेही दबाव आणला आणि दुसऱ्याच दिवशी निमंत्रण मागे घ्यावं लागलं.

इराणला बोलवावं की नाही, यावर दोन मतं आहेत. माझं मत बोलवायला हवं होतं असं आहे. असद सरकारच्या मागे ज्याचा पैसा आणि माणसं उभी होती, त्याला वगळून काय ठरणार होतं? पण न बोलावण्यापेक्षाही वाईट ते बोलावून नाकारणं. लग्नघरात मानपानावरून झालेली रुसारुशी निस्तरता येते, इथे मात्र अपमानाचा हिशोब रणभूमीवर चुकता होतो. तोंडी होकारावर कधीही विसंबू नका. निमंत्रित देश जाहीरपणे काय म्हणणार, ते वाक्य शब्दशः ठरवून घ्या, ते बाकीच्या पक्षांना आधी दाखवा आणि मगच नाव जाहीर करा.

याच परिषदेचा पहिला दिवस जिनिव्हाऐवजी माँट्रो शहरात घ्यावा लागला, कारण जिनिव्हात महागड्या घड्याळांचं प्रदर्शन भरलं होतं आणि हॉटेलांत खोल्या शिल्लक नव्हत्या. तारीख जाहीर करण्याआधी त्या शहराचं कॅलेंडर पाहायला हवं, इतकं साधं काम असतं हे.

ठिकाण निवडताना तिथला कायदा न पाहणं

श्रीलंकेत सरकार आणि स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणारी एलटीटीई ही सशस्त्र संघटना यांच्यात फेब्रुवारी २००२ मध्ये नॉर्वेच्या मध्यस्थीने शस्त्रसंधी झाली. सप्टेंबरपासून थायलंडमधल्या सत्ताहिपपासून जपानमधल्या हाकोनेपर्यंत बोलण्यांच्या सहा फेऱ्या झाल्या. जून २००३ मध्ये टोकियोत देणगीदार देशांची मोठी परिषद होती आणि तिची पूर्वतयारी म्हणून एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला बैठक ठेवली गेली. अमेरिकेने एलटीटीईला १९९७ पासून दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकलं होतं, त्यामुळे त्यांचे प्रतिनिधी तिथे जाऊच शकत नव्हते. आपण बरोबरीचे भागीदार आहोत, हेच एलटीटीईचं बोलण्यांमधलं मुख्य म्हणणं होतं, आणि नेमकं तेच नाकारलं गेल्याचं चित्र उभं राहिलं. २१ एप्रिलला एलटीटीईच्या वतीने बोलणी करणारे अँटन बालसिंगम यांनी पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांना पत्र पाठवून बोलण्यांतला सहभाग थांबवला. जाफन्यातल्या विस्थापितांना घरी परतता येत नाही, यासह इतर तक्रारीही त्यात होत्या. पण वॉशिंग्टनचं निमित्त आयतंच हाती दिलं गेलं होतं. टोकियोत साडेचार अब्ज डॉलरची आश्वासनं मिळाली आणि ती घ्यायला एक बाजू हजरच नव्हती.

तयारीची बैठकही परिषदेइतकीच नाजूक समजा. व्हिसा, बंदी, अटक वॉरंट, विमानतळावर स्वागताला कोण जाणार, हे सगळं ठिकाण नक्की होण्याआधी तपासा.

शिष्टमंडळ घरून निघणार कसं, हेही त्यातच आलं. एप्रिल २००६ मध्ये श्रीलंकेच्याच बोलण्यांची जिनिव्हातली दुसरी फेरी ठरली होती. त्याआधी एलटीटीईला पूर्वेकडचे आपले कमांडर उत्तरेतल्या आपल्या मुख्यालयी, किलिनोच्चीला, बैठकीसाठी आणायचे होते. हेलिकॉप्टर कोणाचं, बोट कोणती, नौदलाची जहाजं किती अंतरावर राहणार, यावर वाद पेटला आणि ती फेरी झालीच नाही. जूनमध्ये ऑस्लोपर्यंत पोहोचूनही एलटीटीईने सरकारी शिष्टमंडळाला भेटायला नकार दिला. तीन वर्षांच्या आत, युद्धाच्या अखेरीस, ईशान्येकडच्या मुल्लैतिवूच्या किनाऱ्यावर हजारो सामान्य माणसं मारली गेली. केवळ बोटीच्या वादामुळे असं कोणी म्हणणार नाही, पण मोडलेल्या प्रत्येक फेरीने युद्ध हवं असणाऱ्यांचं बळ वाढवलं.

आपल्याच राजधानीतल्या दुसऱ्या सत्ताकेंद्राला गृहीत धरणं

विक्रमसिंघे बोलणी चालवत होते, पण राष्ट्राध्यक्षा चंद्रिका कुमारतुंगा दुसऱ्या पक्षाच्या होत्या. एलटीटीईचा अंतरिम प्रशासनाचा प्रस्ताव आल्यावर चारच दिवसांनी, नोव्हेंबर २००३ मध्ये, पंतप्रधान वॉशिंग्टनमध्ये असताना कुमारतुंगा यांनी संरक्षणासह तीन खाती स्वतःकडे घेतली. मध्यस्थाने समोर बसलेल्या नेत्याइतकाच वेळ त्याच्या घरातल्या विरोधकाला द्यायला हवा.

परदेशी पाठीराख्यांना शेवटी बोलावणं

लिबियाचं उदाहरण मला सर्वांत शिकवणारं वाटतं. संयुक्त राष्ट्रांचे दूत घसान सलामे यांनी गावोगावी बैठका घेऊन हजारो लिबियन लोकांची मतं गोळा केली होती आणि एप्रिल २०१९ च्या मध्यात घदामेसला राष्ट्रीय परिषद भरायची होती. दहा दिवस आधी, ४ एप्रिलला, पूर्व लिबियातले लष्करी नेते खलिफा हफ्तार यांनी राजधानी त्रिपोलीवर फौजा धाडल्या. सरचिटणीस गुटेरेस त्या वेळी त्रिपोलीतच होते. घरची तयारी चोख होती, पण दोन्ही बाजूंना शस्त्रं पुरवणाऱ्या देशांना आवरायला कोणी नव्हतं.

सलामेंनी मग क्रमच उलटा केला. जुलैमध्ये त्यांनी सुरक्षा परिषदेसमोर मांडलं: आधी युद्धविराम, मग बाहेरच्या देशांची परिषद आणि त्यानंतर लिबियन लोकांची बैठक. जर्मनीने सप्टेंबरपासून इजिप्त, संयुक्त अरब अमिरात, तुर्कस्तान, रशिया यांच्यासह संबंधित देशांच्या अधिकाऱ्यांना बर्लिनमध्ये पुन्हा पुन्हा बसवलं आणि निवेदनाचा मसुदा ओळीओळीने घासून घेतला. १९ जानेवारी २०२० ला नेते आले तेव्हा पंचावन्न कलमांचा मजकूर जवळजवळ तयार होता. त्रिपोलीतल्या सरकारचे प्रमुख फायेज सराज आणि हफ्तार दोघेही शहरात होते, पण त्यांना एका टेबलावर बसवण्याचा हट्ट जर्मनीच्या तेव्हाच्या चान्सलर अँगेला मर्केल यांनी धरला नाही. हे शहाणपणाचं होतं, कारण त्याच आठवड्यात मॉस्कोत युद्धविरामाच्या करारावर सराज यांनी सही केली होती आणि हफ्तार सही न करताच निघून गेले होते.

तरी यादीत त्रुटी राहिलीच. शेजारच्या ट्युनिशियाला ऐनवेळी बोलावलं, त्याने नकार दिला. ग्रीसला वगळलं, तर परिषदेच्या दोन दिवस आधी अथेन्सने हफ्तार यांनाच पाहुणे म्हणून बोलावलं.

बिघडलंच तर

विषयपत्रिकेवर अडलं, तर छोटा आणि मोजता येणारा विषय उचला. २०१४ मध्ये सीरियन सरकारला आधी दहशतवादावर बोलायचं होतं, विरोधकांना हंगामी सरकारवर. दुसरी फेरी तिथेच संपली आणि संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ लखदार ब्राहिमी यांनी सीरियन जनतेची माफी मागितली. पण त्याच काळात होम्सच्या जुन्या शहरात अडकलेल्या लोकांना बाहेर काढता आलं.

बर्लिननंतरही शस्त्रं येत राहिली; काही सहभागी देशांनीच शस्त्रबंदी मोडल्याचं संयुक्त राष्ट्रांनी काही दिवसांतच सांगितलं. त्या परिषदेतून टिकलं ते एक साधं काम: प्रत्येक बाजूने पाच-पाच लष्करी अधिकाऱ्यांची नावं दिली होती. ही समिती फेब्रुवारीत जिनिव्हाला आधी वेगवेगळ्या खोल्यांत बसली आणि २३ ऑक्टोबर २०२० ला तिने युद्धविरामावर सह्या केल्या. परदेशी लढवय्यांनी नव्वद दिवसांत देश सोडावा हे कलम मात्र कागदावरच राहिलं, कारण त्यांना परत नेण्याची जबाबदारी कोणत्या देशाची, हे तिथे लिहिलेलं नव्हतं. मसुदा करताना अशा प्रत्येक कलमासमोर त्या देशाचं नाव लिहून घ्या. त्यासाठी निवेदन आठवडाभर लांबलं तरी चालेल.