उरलेलं जेवण फ्रीजरमध्ये कसं ठेवावं: आमटी, भात, पोळ्या आणि बाकीचं

उरलेल्या आमटीचं पातेलं रात्री फ्रिजमध्ये जातं, दुसऱ्या दिवशी मागे सरकतं आणि चौथ्या दिवशी वास घेऊन मोरीत ओतलं जातं. हे टाळायचं तर काय गोठवायचं ते जेवणं उरकल्यावर त्याच रात्री ठरवावं. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ तेवढी थांबते. तीन दिवस फ्रिजमध्ये राहून उतरायला लागलेली भाजी गोठवली, तर बाहेरही ती तशीच येणार. ताटातलं उष्टं मात्र कधीच गोठवू नका. जास्त झालंय असं दिसलं की वाढण्याआधीच स्वच्छ डावाने वेगळं काढा.

आधी गार करा, तेही लवकर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पातेलं ओट्यावर झाकून ठेवलं तर वरून गार लागतं, पण मध्यभागी दोन-तीन तास कोमट राहतं आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत थंडीत गेलं पाहिजे, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात, ३२ अंशांच्या वर, एका तासात. परातीत गार पाणी आणि थोडा बर्फ घ्या, त्यात पातेलं ठेवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी ढवळा. लिटरभर आमटी वीस-पंचवीस मिनिटांत हाताला गार लागते.

भाताच्या बाबतीत जास्त जागरूक राहावं लागतं. तांदळातले काही जंतू बीजरूपात शिजण्यातूनही तगतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून उरलेला भात ताटात पातळ पसरा, तासाभरात गार करून बांधा. सकाळचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर राहिला असेल, तर तो गोठवू नका.

भरा, चपटं करा, नाव घाला

डबाभर आमटी गोठायला रात्र लागते. जितकं सावकाश गोठतं तितके बर्फाचे खडे मोठे होतात, ते भाजीचे कण फोडतात आणि वितळल्यावर पाणी सुटतं. त्यापेक्षा झिपवाली जाड पिशवी घ्या. दोन वाट्या आमटी किंवा उसळ भरा, हवा काढा, पिशवी स्टीलच्या ताटलीवर आडवी ठेवून बोटभर जाडीची करा. काही तासांत ती पाटीसारखी कडक होते, मग पुस्तकांसारख्या उभ्या लावता येतात. डबाच वापरायचा असेल तर वर दोन बोटं जागा सोडा, कारण पाणी गोठताना फुगतं. काठोकाठ भरलेली काचेची बरणी हमखास तडकते.

पिशवीवर कागदी टेप लावून पदार्थ, किती जणांचा आणि तारीख लिहा: ‘मसूर आमटी, दोघांची, १२ जून’. गोठल्यावर मसूर, तूर आणि मटकीचा रस्सा सारखेच दिसतात.

पोळ्या पूर्ण गार झाल्यावरच बांधा. गरम बांधल्या तर वाफेचं पाणी होऊन त्या एकमेकींना चिकटतात. दोन पोळ्यांमध्ये बटर पेपर ठेवला की हवी तेवढीच सुटते. थेट तापलेल्या तव्यावर टाका, कडेला दोन थेंब पाणी, झाकण, आणि दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट.

कशाला फ्रीजर मानवत नाही

वरण, आमटी, राजमा, छोले, उसळी, पुरण, कांदा-टोमॅटोचं वाटण, इडल्या छान टिकतात. रश्श्यातले बटाटे मात्र भुसभुशीत होतात, ते आधी काढून खा. कढी फुटते, नारळाचं दूधही फुटतं. कोशिंबिरीचं पाणी होतं, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो.

फ्रीजर उणे १८ अंशांवर असेल तर आमटी-उसळी दोन-तीन महिने चवीला चांगल्या राहतात, भात आणि पोळ्या महिनाभर. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा तेवढा गार होतोच असं नाही. तिथे आइस्क्रीम मऊ पडत असेल, तर सगळं दोन आठवड्यांत संपवा.

वीज गेली तर दार उघडू नका. भरलेला फ्रीजर सुमारे ४८ तास धरतो, अर्धा भरलेला २४. वाटीत पाणी गोठवून वर एक नाणं ठेवून द्या. गावाहून परतल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळलं होतं असं समजा, आणि टाकून द्या.

बाहेर काढताना

रात्रीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. विसरलात तर पिशवी गार पाण्यात बुडवा, नाहीतर पाटी मोडून सरळ कढईत घाला. ओट्यावर सोडू नका. नंतर चांगलं खदखदू द्या, कडेला बुडबुडे आले एवढ्यावर भागत नाही. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच एकदा ढवळा, नाहीतर आत बर्फ राहतो. ओट्यावर वितळलेलं पुन्हा गोठवू नका. फोडणी गोठल्यावर मंद पडते, म्हणून वरून नव्याने जिरं-हिंग द्या आणि कोथिंबीर ताजी घाला.

गोठवलेल्या आमटीचा सगळ्यात चांगला उपयोग चकोल्यांत. दोन वाट्या आमटीत दोन वाट्या पाणी घालून उकळी आणा. वाटीभर कणीक हळद, मीठ, ओवा घालून घट्ट मळा, पातळ लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापा आणि उकळत्या आमटीत एकेक करून सोडा, म्हणजे गोळा होत नाही. दहा-बारा मिनिटांत तुकडे शिजून वर येतात, आमटी दाटते. ताटात वाढून वर तूप घाला.