मायच्या दुसऱ्या किमोआधीची तयारी

सगळ्यात आधी थर्मामीटर, आणि तो मायच्या उशाशी. पहिल्या किमोनंतर दहाव्या दिवशी रात्री तिचं अंग तापलं. मी तापाची गोळी दिली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि उजाडायची वाट बघत बसलो. सकाळी जळगावला नेलं तेव्हा रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. बहुतेक किमोत सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत त्या सगळ्यात कमी असतात. यावेळी कॅलेंडरात त्या दिवसांवर लाल खुणा केल्यात. 100.4 फॅरनहाइट दिसलं की रात्र असो की पहाट, लगेच डॉक्टरांना फोन, आणि फोन लागला नाही तर थेट दवाखाना. विचारल्याशिवाय तापाची गोळी द्यायची नाही. ताप झाकला जातो, संसर्ग आत वाढतच राहतो. शेजारच्या भाऊंना गाडीचं सांगून ठेवलंय. फाइल आणि रक्ताचे रिपोर्ट दाराजवळच्या पिशवीत आहेत.

उलटीच्या गोळ्या लिहून दिलेल्या वेळेलाच, मळमळ सुरू व्हायची वाट न बघता. किमोनंतर 48 तास उलटी-लघवीने खराब झालेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवायचे.

खाण्याचं मात्र बारकाईने ठरवावं लागलं. जन्मभर शेवभाजीचा रस्सा करणाऱ्या मायला आता काळ्या मसाल्याच्या फोडणीनेच ढवळून येतं, म्हणून आमच्या भाज्या मागच्या अंगणातल्या चुलीवर होतील. तोंड आलं होतं तेव्हा कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी टोचायची. तिने एक तुकडा दुधात बुडवला, बराच वेळ बोटांनी दाबत राहिली, मग जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून गिळला. ते बघवलं नाही. आता मुगाची आसट खिचडी, पिकलेली केळी, थोडं थोडं, दर दोन तासांनी. गुळण्यांसाठी पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ; ब्रश मऊ. बाहेरची कापलेली फळं, उसाचा रस बंद. उन्हाळा आपल्याकडचा, म्हणून उकळून गार केलेलं पाणी सतत हाताशी हवं.

भेटायला येणाऱ्यांनी ओट्यावरूनच विचारपूस करावी, सर्दी-खोकला असेल त्यांनी फोनच करावा. मामींना वाईट वाटेल. माय बरी झाली की तिला घेऊन आधी त्यांच्याच घरी जाईन.